चार हात जागेतला कमी कामाचा गुलाब

या कार्यक्रमात आम्ही एरवी बचत गटाचं काम, बँकेचं कर्ज, घरखर्चाची वही असल्या गोष्टींवर बोलतो. आज गुलाबावर बोलणार आहोत. पुण्यातल्या आणि उपनगरांतल्या आमच्या गटांच्या बैठकीत हिशोब संपला की एक विषय हमखास निघतो. कुणी म्हणतं, 'ताई, दारापुढे चार हात जागा आहे, गुलाब लावायची फार हौस आहे, पण त्याचं करणार कोण?' लगेच दुसरी म्हणते, 'आम्ही तीनदा आणला, तिन्ही वेळा वाळून गेला.' तिसरी हळूच विचारते, 'किडीसाठी औषध मारलं तर चालेल का हो? तिथंच पाण्याचा पिंप असतो.'

या तिन्ही प्रश्नांचं उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे. गुलाबाला किती कष्ट लागणार, हे आपण कोणता गुलाब निवडतो त्यावर ठरतं. नाजूक जातीचा गुलाब आणला तर तो रोज काहीतरी मागत राहतो. जमिनीलगत पसरणारा, झुपक्यांनी फुलणारा, स्वतःच्या मुळांवर वाढलेला गुलाब लावला, तर पहिल्या वर्षी थोडी मेहनत करायची आणि पुढे वर्षातून दोन-तीनदा हात लावायचा. औषधाचा पंप तर घरात आणायचीही गरज नाही. हे कसं जमतं, ते आज आपण नीट समजून घेऊ.

नाजूक गुलाब नाजूक का?

नर्सरीत गेल्यावर आपला हात आधी कुठे जातो? लांब दांड्यावर एकच टपोरी कळी असलेल्या रोपाकडे. या प्रकाराला 'हायब्रिड टी' म्हणतात. फ्रान्समध्ये १८६७ साली आलेला 'ला फ्रान्स' हा त्यातला पहिला गुलाब मानला जातो. त्यानंतर दीडशे वर्षं माणसानं या घराण्यातून मुख्यतः एकच गोष्ट निवडली, ती म्हणजे फूल. फुलाचा आकार, रंग, कळीचा डौल. पान किती निरोगी आहे, मूळ किती चिवट आहे, हे मागे पडलं.

आपल्याजवळचंच उदाहरण घ्या. मावळात, तळेगाव दाभाड्याच्या बाजूला हरितगृहांमधून डच गुलाब पिकतो. व्हॅलेंटाइन डेच्या आधी तो देशात आणि परदेशात जातो. आपल्या ओळखीच्या कितीतरी बायका तिथं तोडणीला आणि प्रतवारीला जातात. एका सरळ दांडीसाठी तिथं वर छत असतं, ठिबकनं मोजून खत-पाणी असतं, कीड-रोगावर रोजची नजर असते. हा सगळा पगारी हातांचा कारभार आहे. त्याच स्वभावाचं झाड आपण पत्र्याच्या छपराखाली आणतो आणि सकाळी सातला कामावर जातो. मग ते रुसलं तर दोष आपल्या हाताला का द्यायचा? 'माझ्या हाताला गुलाब लागत नाही' हे वाक्य आम्ही फार ऐकतो. बहुतेक वेळा हात चांगलाच असतो, निवड चुकलेली असते.

पसरणारा गुलाब म्हणजे काय?

काही गुलाब उंच जाण्यापेक्षा आडवे वाढतात. उंची गुडघ्याएवढी, फार तर मांडीएवढी, पण घेर दोन-तीन फुटांचा. फुलं लहान, पण एकेका झुपक्यात दहा-वीस. एक झुपका सुकेपर्यंत दुसरा तयार असतो. पानं बारीक, जाडसर आणि चकचकीत असतात, त्यामुळे रोग त्यांना सहसा लवकर धरत नाही.

या स्वभावाचं मूळ जपानकडच्या एका रानगुलाबात आहे. त्याला 'रोझा विचुराना' म्हणतात. तो रताळ्याच्या वेलासारखा जमिनीवर लोळत वाढतो आणि फांदी मातीला टेकली की तिथं मूळ धरतो. त्याचं रक्त पुढं अनेक जातींत उतरलं. 'द फेअरी' नावाची फिकट गुलाबी, गुच्छानं फुलणारी जुनी जात १९३२ साली इंग्लंडमध्ये आली. तिच्या आईबापांपैकी एक याच घराण्यातला मानला जातो. जर्मनीत व्हेर्नर नोआक यांनी १९८८ च्या सुमारास एक गुलाब बाजारात आणला. जमिनीवर फुलांचा गालिचा पसरावा तसा तो पसरतो म्हणून इंग्रजीत त्याला 'फ्लॉवर कार्पेट' हेच नाव पडलं.

जर्मनीत नव्या गुलाबांची एक परीक्षा होते. वेगवेगळ्या गावांच्या बागांमध्ये तीन वर्षं झाडं लावून ठेवतात आणि त्यांच्यावर कसलंही औषध फवारत नाहीत. त्यातून जे निरोगी राहतं त्यालाच प्रमाणपत्र मिळतं. अमेरिकेत टेक्सासच्या कृषी विद्यापीठानंही अशीच निवड केली. तिथला उन्हाळा आपल्यासारखाच कडक. पालापाचोळ्याचं आच्छादन आणि कंपोस्ट द्यायचं, पण कीटकनाशक नाही, अशा बेतानं टिकणाऱ्या गुलाबांची त्यांनी यादी केली. आपली 'फेअरी' त्या यादीत आहे. आपल्याकडे कोडाईकनालचे विरू आणि गिरिजा वीरराघवन हे दाम्पत्यही अनेक वर्षं भारतातल्या रानगुलाबांपासून उष्ण हवेत टिकणाऱ्या जाती तयार करत आलं आहे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, 'गुलाब म्हटला की फवारणी आलीच' हा नियम नाही. ती एका प्रकारच्या गुलाबाची सवय आहे.

आता 'फेअरी'च्या उण्या बाजूही सांगायला हव्यात. तिला वास जवळजवळ नाही. कडक उन्हात फुलाचा रंग उडून पांढुरका होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तिच्यावर लाल कोळी येतो. गुलकंदासाठी सुवासिक पाकळ्या हव्या असतील तर आपला गावठी गुलाबच लागेल. तो चिवट आहे, पण उंच आणि ऐसपैस वाढतो, चार हातांच्या वाफ्यात मावत नाही. तेव्हा आधी आपल्याला काय हवं ते ठरवा. दारापुढची मोकळी, धुळीची जागा वर्षभर हिरवी आणि फुललेली हवी असेल, तर पसरणारा गुलाब घ्या.

नर्सरीत काय बघायचं?

पुणे-सोलापूर रस्त्यानं हडपसरच्या पुढं निघालं की लोणी काळभोर, उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्या दिसतात. सगळीकडे जातीच्या नावाची चिठ्ठी असतेच असं नाही. 'फेअरी आहे का?' असं विचारा. नसेल तर 'पसरणारा, झुपक्याचा बटण गुलाब' मागा आणि पुढच्या चार खुणा स्वतः तपासा.

पहिली खूण म्हणजे बुडापासून तीन-चार तरी फांद्या निघालेल्या असाव्यात, एकच सरळ काठी नको. दुसरी, फांद्या बाहेरच्या बाजूला झुकलेल्या असाव्यात. बटण गुलाबात काही प्रकार ताठ उभे वाढतात, ते वाफा झाकत नाहीत. तिसरी, खालची जुनी पानंही शाबूत असावीत. फक्त शेंड्याला पानं आणि खाली उघडी काठी असेल, तर त्या झाडाला रोगाची खोड आहे असं समजा. चौथी खूण सगळ्यात महत्त्वाची. रोप डोळा भरून केलेलं आहे की स्वतःच्या मुळावर आहे, ते बघा.

डोळा भरणं म्हणजे रानटी गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा बसवणं. अशा रोपाच्या बुडाशी गाठ दिसते. ही पद्धत वाईट नाही, पण कधी कधी गाठीच्या खालून खुंटालाच फूट येते. ती जोमानं वाढते, सगळं खत-पाणी ओढून घेते आणि वरची चांगली जात हळूहळू मरते. उभ्या झाडात ही फूट पटकन दिसते आणि मुळापासून ओरबाडून काढता येते. पसरणाऱ्या गुलाबाचं बूड मात्र फांद्यांखाली झाकलेलं असतं. तिथं काय फुटलंय ते आपल्याला कळतच नाही. कितीतरी जणी सांगतात की गुलाबी आणला होता आणि दोन वर्षांनी भलतंच बारीक फूल यायला लागलं. तो चमत्कार नसतो, खुंट वर आलेला असतो. म्हणून आपल्या कामाला छाट कलमाचं किंवा दाब कलमाचं, गाठ नसलेलं रोपच घ्यावं.

जागा, ऊन आणि वजन

गुलाबाला दिवसाला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. अंदाजानं ठरवू नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला त्या जागेवर नजर टाका आणि ऊन आहे की सावली ते वहीत लिहा. तीन तासांपेक्षा कमी ऊन असेल तर गुलाबाचा हट्ट सोडा, तिथं दुसरं काही लावा. सकाळचं ऊन आणि दुपारी तीननंतर सावली ही पुण्याच्या उन्हाळ्यासाठी फार चांगली जागा.

नंतर निचरा बघा. गुलाबाच्या मुळाशी पाणी साचलेलं त्याला सोसत नाही. फूटभर खोल खड्डा करून त्यात बादलीभर पाणी ओता. तासा-दोन तासांत जिरलं तर उत्तम. रात्रभर साचून राहिलं तर ती चिकट काळी माती आहे. मग खाली खणण्यापेक्षा विटांची कड लावून वाफा नऊ इंच ते फूटभर उंच करा.

समजा जागा तीन फूट रुंद आणि आठ फूट लांब आहे. दोन फुटांवर एक याप्रमाणे तिथं चार रोपं पुरतात. पहिल्या वर्षी वाफा रिकामा वाटेल. म्हणून जास्त रोपं कोंबू नका. दाटी झाली की आत हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात पानांवर रोग येतो. रोपं भिंतीपासून आणि चालायच्या वाटेपासून दीड फूट आत लावा. फांद्या वाटेवर आल्या की मुलांच्या पायाला काटे लागतात आणि साडीचा काठ अडकतो.

गच्चीवर किंवा गॅलरीत लावणाऱ्या मैत्रिणींनी हा हिशोब नीट ऐकावा. एक घनफूट ओली माती साधारण पंचेचाळीस ते पन्नास किलो भरते. तीन बाय आठचा वाफा फूटभर खोल भरला तर चोवीस घनफूट माती झाली, म्हणजे हजार किलोंच्या वर वजन. जुन्या इमारतीच्या स्लॅबवर विचारल्याशिवाय एवढं वजन ठेवायचं नाही. तिथं बारा-चौदा इंची कुंड्या घ्या, एका कुंडीत एकच रोप लावा, मातीत कोकोपीट आणि कंपोस्ट जास्त घाला आणि कुंड्या भिंतीच्या कडेनं मांडा. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो.

पहिली मेहनत इथंच करायची

कमी कामाचा गुलाब म्हणजे बिनकामाचा गुलाब नव्हे. काम आहे, पण ते लावण्याआधी करायचं असतं.

सगळ्यात आधी तण काढा. हरळी आणि लव्हाळा या दोघांना मुळासकट, गाठींसकट काढायचं. हरळीची कांडी आणि लव्हाळ्याची गाठ मातीत राहिली की पुन्हा फुटते. वाफा खणा, पाणी द्या आणि पंधरा दिवस तसाच ठेवा. जे उगवेल ते पुन्हा खणून काढा. असं दोनदा करा. इथं कंटाळा करून चालत नाही, कारण एकदा गुलाब पसरला की त्या काट्यांत हात घालून हरळी उपटणं शक्य होत नाही. पसरणारा गुलाब तण आपोआप दाबून टाकतो असं काही जण सांगतात. पूर्ण झाकल्यावर तो नव्या बियांना ऊन मिळू देत नाही, हे खरं. पण आधीपासून ठाण मांडून बसलेल्या हरळीपुढं त्याचं काही चालत नाही.

मग माती भरा. दोन घमेली माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि अर्धं घमेलं जाड वाळू किंवा बारीक मुरूम. प्रत्येक खड्ड्यात मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असेल तर त्यात हुमणीच्या अळ्या येतात आणि मुळं खातात, म्हणून गरम लागणारं किंवा वास येणारं खत नको.

लावायला उत्तम काळ म्हणजे जोराचा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर. जून-जुलैत लावलं तरी चालतं, पण निचरा चांगला हवा. उन्हाळ्यात लावू नका. पिशवी कापून काढा, मुळाचा गोळा फुटू देऊ नका, आणि पिशवीत होतं तेवढ्याच खोलीवर लावा.

लावून झालं की दोन इंच जाड आच्छादन घाला. वाळलेला पाला, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, जे फुकट मिळेल ते. बुडापासून दोन बोटं जागा मोकळी ठेवा. आच्छादनामुळे पाणी कमी लागतं, हे सगळ्यांना माहीत असतं. आणखी एक फायदा आहे. काळ्या ठिपक्यांच्या रोगाची बुरशी खाली पडलेल्या पानांवर टिकून राहते आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून वरच्या पानांवर जाते. मध्ये आच्छादन असलं की हे उडणं बरंच थांबतं.

वर्षभराचं वेळापत्रक

पाणी पहिले पंधरा दिवस रोज थोडं. नंतर बोट दोन इंच मातीत घालून बघा. कोरडं लागलं तरच द्या, पण द्याल तेव्हा बुडाशी भरपूर द्या. रोज वरवर शिंपडल्यानं मुळं वरच राहतात आणि मे महिन्यात होरपळतात. रुजलेल्या झाडाला हिवाळ्यात तीन-चार दिवसांतून एकदा आणि उन्हाळ्यात दिवसाआड पाणी पुरतं. कुंडीला मात्र उन्हाळ्यात रोज लागतं. तांदूळ, डाळी धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं किंवा मिठाचं नको.

छाटणी वर्षातून एकदा, ऑक्टोबरमध्ये. हायब्रिड टी गुलाबाला डोळा बघून, कोन साधून छाटावं लागतं. इथं तसलं काही नाही. कुंपण कापायच्या मोठ्या कात्रीनं वरून एक तृतीयांश भाग सरसकट कापा, वाळलेल्या काटक्या बुडातून काढा, झालं. छाटणीनंतर साधारण दीड महिन्यात बहर येतो, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी-डिसेंबरात वाफा भरून जातो. सुकलेली फुलं एकेक करून खुडली नाहीत तरी हा गुलाब पुन्हा फुलतो. खत दोनदा. छाटणीनंतर आणि जूनमध्ये, झाडामागे दोन ओंजळी कंपोस्ट.

कापताना जाड हातमोजे घाला. नसतील तर जुन्या जीन्सच्या पायाचे तुकडे कोपरापर्यंत चढवा, काटे आत येत नाहीत. मातीतला काटा खोल गेला तर जखम साबणानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं ते दवाखान्यात सांगून विचारून घ्या.

कीड आली तर?

येणारच. पण प्रत्येक कीड म्हणजे संकट नव्हे.

थंडीत कोवळ्या शेंड्यांवर हिरवा मावा येतो. नळीनं पाण्याचा जोरात झोत मारा, मावा खाली पडतो. दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा. त्याच शेंड्यांवर लाल-काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे आणि त्यांच्या काळपट अळ्या दिसल्या तर त्यांना मारू नका, त्या मावाच खातात. उन्हाळ्यात पानं पांढुरकी पडली आणि खालच्या बाजूला बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. त्याला कोरडेपणा आवडतो. सकाळी लवकर पानांची खालची बाजू पाण्यानं धुवा. पावसाळ्यात काळे ठिपके पडलेली पानं गोळा करून कचऱ्यात द्या, वाफ्यात कुजवू नका. थंडीत पानावर पांढरी भुरी दिसली तर दाटीतल्या चार-दोन फांद्या काढून हवा मोकळी करा.

एवढं करूनही आटोक्यात आलं नाही तर निंबोळी अर्क. वाळलेल्या निंबोळ्यांची पन्नास ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. दुपारी मधमाश्या फुलांवर असतात, तेव्हा फवारू नका.

आता त्या पिंपाच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या वस्तीत अंगण, मोरी, पाण्याचा पिंप आणि मुलांची खेळायची जागा ही सगळी चार-पाच हातांत असतात. शेतात औषध मारलं तर शेतकरी निदान घरी येऊन अंघोळ करतो. इथं औषध घरातच राहतं. दोरीवरच्या कपड्यांवर बसतं, रांगणाऱ्या बाळाच्या हाताला लागतं. झाडात भिनणारी औषधं तर फुलातही उतरतात, आणि तेच फूल आपण देवाला वाहतो, केसात माळतो, मुलं तोंडात घालतात.

एका औषधाचं नाव स्पष्ट घेतलं पाहिजे, ते म्हणजे फोरेट. लोक त्याला थिमेट म्हणून ओळखतात. त्याचे दाणे कुंडीत टाकायची पद्धत पूर्वी सर्रास होती. ते अतिशय जहाल विष आहे. केंद्र सरकारनं २०१८ साली आदेश काढला आणि ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावर पूर्ण बंदी आली. तरीही एखाद्या घरी माळ्यावर जुनी पुडी पडलेली असू शकते. आज घरी गेल्यावर शोधा. सापडली तर उघड्या हातानं धरू नका, मोरीत ओतू नका, चुलीत जाळू नका. पिशवीत बांधा, वर 'विष' असं ठळक लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि घंटागाडीवर घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या. आमच्या गटांनी हे आधीच ठरवून टाकलं आहे की औषधाशिवाय जगत नाही असं झाड आपल्या अंगणातलं नव्हे. एक रोप गेलं तर दुसरं लावता येतं.

याच कारणानं आणखी एक सूचना. नर्सरीतून आणलेल्या रोपावर तिथं काय फवारलं होतं ते आपल्याला ठाऊक नसतं. त्याचा पहिला बहर नुसता बघायचा, खाण्यात वापरायचा नाही.

एका रोपाची दहा रोपं

पसरणाऱ्या गुलाबाची वाढ करणं सोपं आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला एक लांब फांदी वाकवून जमिनीला टेकवा. टेकते तिथं खालच्या बाजूनं इंचभर साल खरवडा, तारेच्या आकड्यानं दाबून धरा, वर दोन इंच माती घाला. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. मग आईपासून तोडून पिशवीत लावा. हे दाब कलम.

छाट कलमासाठी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची फांदी घ्या. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली तिरका द्या. खालची पानं काढा, निम्मी काडी मातीत खोचा आणि सावलीत ठेवा. माती ओलसर हवी, चिखल नको. महिना-दीड महिना काडी उपटून बघायची नाही. नवी पालवी आली म्हणजे मुळं आलीच असंही नाही, कारण काडीत साठलेल्या अन्नावरही पालवी फुटते. म्हणून दोन-तीन महिने जाऊ द्या आणि मगच हलवा.

गटाला यातून उत्पन्न मिळू शकतं का? मिळू शकतं, पण वही घेऊन बसा. पिशवी, माती, खत, पाणी, वाहतूक आणि मेलेल्या काड्या, हे सगळं खर्चात धरा. शंभर काड्या लावल्या की शंभर रोपं होत नाहीत. आपल्या मजुरीचा रकाना रिकामा ठेवू नका. बायकांच्या कामाची किंमत शून्य धरली की कुठलाही धंदा कागदावर नफ्यातच दिसतो. कायद्याचीही एक बाजू आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदवलेल्या नव्या जातींची रोपं करून परवानगीशिवाय विकता येत नाहीत. 'फेअरी'सारख्या नव्वद वर्षांच्या जुन्या जातींना ही अडचण नाही. म्हणून सुरुवात जुन्या जातींपासून करावी आणि पिशवीवर जातीचं नाव आणि 'स्वतःच्या मुळावर' एवढे शब्द जरूर लिहावेत. घेणारीला त्यातच खरी माहिती मिळते.

रोपं विकण्याखेरीज दुसरंही काम आहे. सोसायट्यांच्या फाटकाशी, पार्किंगच्या कडेला पट्ट्या रिकाम्या असतात. तिथं वाफा तयार करून देणं, ऑक्टोबरची छाटणी करणं, वर्षातून दोनदा खत घालणं, हे ठरावीक रकमेचं काम दोन-तीन जणी मिळून घेऊ शकतात. बोलणी करताना एक अट लेखी घ्या की या वाफ्यावर रासायनिक फवारणी होणार नाही. आपल्या बायका तिथं हात घालणार आहेत.

मैत्रिणींनो, येत्या आठवड्यात तीनच गोष्टी करा. आपल्या जागेवरच्या उन्हाचे तास लिहून काढा. खड्ड्यात पाणी ओतून निचरा बघा. आणि माळ्यावरची जुनी औषधं शोधून वेगळी बांधा. ही यादी घेऊन पुढच्या बैठकीला या. कुणाकडे पसरणाऱ्या गुलाबाचं झाड आधीच असेल तर तिनं वीतभर काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणाव्यात, पिशव्या आणि माती गट देईल.